खिंडीतलं फाटक

मी, विमल भिवा खैरे, वय चौपन्न, तालुका पेण, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दबावाखाली न येता हे लिहिते. दबाव आणणारे आले होते. चहा पिऊन गेले. लिव्हर किती दिवस साथ देईल हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणजे कळलंच.

१. रामवाडीतली खोली आणि बँकेत असेल ती शिल्लक माझी भाची, बहिणीची मुलगी प्रणिता, हिला.

२. गावच्या जमिनीतला माझा हिस्साही तिलाच. थोरले बंधू हैबतराव राखीच्या दिवशी हक्कसोडपत्र घेऊन आले होते. राखी बांधली; सही केली नाही. या जमिनीतूनच डोंगरावरून रोह्याकडे उतरणारी पायवाट जाते. वनखात्याने ती चालणाऱ्यांसाठी संरक्षित केली आणि पाट्या लावल्या. मग एका गॅस कंपनीने खिंडीत पाइपलाइन आडवी टाकून कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं. त्याविरुद्धच्या माझ्या दाव्यात माझ्यामागे प्रणिताचं नाव लागावं.

३. दर दिवाळीत वाट साफ करायचा कोयता शेजारच्या जगनला. डोंगर चालणाऱ्या पोरांसाठी वालाचं बिरडं शिजवायचे ते मोठे टोप महिला मंडळाला. मंडळाने आधीचेही परत केलेले नाहीत, तेही त्यांचेच समजावेत.

४. हैबतराव यांना मालमत्तेतलं काही नाही. त्यांचा मुलगा साईराज धाटावला त्याच कंपनीत चिकटला आणि त्यांनी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं, की वाट बुजली आहे, कुणी वापरत नाही. घरी मला म्हणाले, "इमल, कोण चालतंय गो त्या वाटेनं? समद्यांकडं गाड्या हायत." पुरात रस्ता तुटला तेव्हा आजारी आईला डोलीत घालून याच वाटेने रोह्याला नेलं होतं. पुढचा दांडा दादाच्या खांद्यावर होता. खांदा सोलला होता, मी हळद लावली होती.

म्हणून माझ्या तिरडीला पुढचा खांदा दादाने द्यावा. मला गावच्या स्मशानात नेऊ नये. खिंडीपलीकडे ओढ्याकाठच्या जुन्या मसणवटीत न्यावं. मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडतात हे ठाऊक आहे, म्हणून या कलमाची झेरॉक्स साक्षीदार बायजाबाईंकडे दिली आहे. तिरडी उचलण्याआधी अंगणात त्या ती मोठ्याने वाचतील. बालवाडी चालवल्यामुळे त्यांचा आवाज पोचतो.

फाटकावरचा वॉचमन अडवेल. तिरडी तिथेच टेकवावी. मला घाई नसेल. वाट कुणाची, असं तो विचारेल, तेव्हा प्रणिताने किंवा जगनने तोंड उघडू नये. उत्तर दादाने द्यावं, चार माणसांसमोर.

दादा गप्पच राहिले, तर मला मागे फिरवून गावातच जाळावं आणि प्रणिताने दावा काढून घ्यावा. सख्खा भाऊ जिथे बोलला नाही, तिथे पोरीने वकिलांचे उंबरे झिजवू नयेत.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघांसमोर सही केली.

विमल भिवा खैरे

साक्षीदार:
१. बायजाबाई घरत, निवृत्त बालवाडी शिक्षिका
२. निकेश म्हात्रे, झेरॉक्सवाले, कासू

पेण, १६ डिसेंबर २०२५