पाणी पेलेल्याशी लढाई नाही

प्रिय आदर्श,

अक्षरं तुझ्या बहिणीची, बोल माझे. मले वाचता येत नाही, पण तनुजा एखादा शब्द गाळते ते तिच्या मानेवरून ओळखते मी. फोन केला असता. पण फोनवर तुले घाई फार.

बाबू, मी अजून हबकलेलीच आहो. दूध उतू गेलं अन् मी नुसती पाहत बसली. सांगते काहून ते.

दिवाळीत तू आमाले तो गोष्टीचा खेळ शिकवला. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, राक्षस मारायचा. राक्षस दाराशी आला तशी तनुजा, शेजारची रूपाली अन् तिचा भाऊ हरीओम तलवारी घेऊन उठले. मी म्हटलं, थांबा, आधी त्याले पाणी द्या. दाराशी आलेल्याले कोरड्या घशानं कोणी मारते काय? तू पोट धरून हसला अन् नियमच करून टाकला, की आजीच्या दारचं पाणी पेलेल्याशी लढाई नाही. मंग गोष्ट अर्धी टाकून तू पुण्याले गेला. उरलेली तनुजानं पुस्तकात पाहू पाहू पुरी केली.

आता नवी गोष्ट निवडायची होती. तू तीन पाठवल्या, नवशिक्यांले जमतील अशा. या वयात मी नवशिकी झाली, हेही पाहणं नशिबी होतं. हरीओमले समुद्री चोर पाहिजेत. त्यानं धरणाहून मोठं पाणी पाह्यलं नाही. रूपालीले थडग्यातला राजा पाहिजे. तिच्यासाठी स्थळं पाहून राह्यले, तिले मेलेला असला तरी राजाच लागते. तनुजा चोरांकडे, मी राजाकडे. घोडं तिथंच अडलं. तिसरी गोष्ट कोणी विचारलीच नाही.

तेवढ्यात तुझा बाप, जगदेव, बाजारातून आला. मी फासे पदराखाली घेतले. तू शेती करणार नाही, असे खेळ बनवीन म्हटलं अन् त्यानं तुझा वीस बाजूंचा फासा मेथीच्या वाफ्यात भिरकावला, तवापासून या घरात त्याच्यासमोर फासा निघत नाही. तू निघाला तवा त्यानंच पाण्याचा तांब्या भरून पुढं केला होता. तू उचलला नाही.

जगदेव पाय धुऊन आला तो थेट आमच्या सतरंजीवर बसला. तिसरी कोणती, म्हणे. तनुजानं चाचरत सांगितलं, रागावून डोंगरापल्याड गेलेल्या माणसाले परत आणायची. तो म्हणे, तीच घ्या, मलेही घ्या. अन् खिशातून तोच फासा काढून मधात ठेवला. वाफा निंदताना सापडला असंल. कवापासून खिशात वागवत होता, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझी, बाबू! रूपालीच्या हातातला शेंगदाणा हातातच राह्यला.

तनुजानं विचारलं, तुमचं पात्र कोण, योद्धा का जादूगार? म्हणे, मेथी विकणारा. मी म्हटलं, लेका, राक्षसाले जुड्या फेकून मारशील काय? तो हसला नाही. माझ्याकडं पाहून म्हणे, "माय, तुह्या पाण्याचा नियम खेळाच्या बाहेर चालते का?"

मी तनुजाले म्हटलं, कागद घे. नियम तुझा, तूच येऊन सांग, म्हणून हे पत्र. तुझी पुण्याची नोकरी सोड, असं कोणी म्हणत नाही. या खेपेले तनुजाले खेळायचं आहे, म्हणून गोष्ट चालवणाऱ्याची जागा रिकामी ठेवली. अन् तुझा बाप, ज्यानं आजवर स्वतःचं ताट उचललं नाही, तो अंगणात बसून राखेनं तांब्या घासून राह्यला. ये. ते पाणी पे. मंग पाहते मी, बापाशी कसा लढतो ते.

तुझीच नवशिकी आजी,
चतुराबाई
(अंगठा माझा, शाई तनुजाची)