पुसलेला काळा लेप

चाचा,

आज रविवार, सकाळचे साडेदहा. किकवीच्या खोलीवर कपडे वाळत घालून लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी विचारायचं तुम्हालाच आहे.

मी हायवेलगतच्या कारखान्यात इंजिनाचे भाग कडक व्हावेत म्हणून त्यांना पाणी देतो. म्हणायला पाणी. तिथं ना भट्टी, ना तेल. लेसरचा किरण कॅमशाफ्टवरून फिरतो आणि वरची कातडी तेवढी कडक करतो, म्हणजे ती लवकर झिजत नाही. सगळं पत्र्याच्या कपाटाआड चालतं. भोरला तुमच्या वर्कशॉपमध्ये मी लोखंडाचा रंग ओळखायला शिकलो. भट्टीतला भाग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की तुम्ही म्हणता, "काढ आता. आनि तोंड मिट, माशी जाईल." तेलात चर्र होतं, तुम्ही कानस मारून बघता, ती घसरली की भाग कडक झाला म्हणून मान हलवता. इथं माझ्या डोळ्यांना आणि कानांना काहीच काम नाही.

गेल्या सोमवारी मला पहिल्यांदा मशीनवर उभं केलं. कॅमशाफ्ट काळा लेप लावून आले होते. लेप कशाला, ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गंज लागू नये म्हणून असेल, नव्या स्पेअरला ग्रीस असतं तसं. एकदा मी ग्रीससकट भाग बसवायला घेतला, तेव्हा तुम्ही तो हातातून काढून घेतला होता. "नवरदेवाला हळदीसकट मांडवात नेत्यात व्हय रं? पूस आदी."

म्हणून मी एकेक कॅमशाफ्ट घासून चकचकीत केला आणि मशीनमध्ये ठेवला. चकचकीत लोखंडावरून तो किरण आरशावरून फिरावा तसा परत फिरतो, काळ्यावरच मुरतो. हे मला शुक्रवारी कळलं, तपासणीत सगळा माल मऊ निघाल्यावर.

साहेब ओरडले नाहीत. "एवढं स्वच्छ पुसायला कुठं शिकलास रे?" म्हणाले. सगळे हसले. मला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते उद्या ठरेल. गावी मार्गासनीत आईनं मला मशीनवर घेतल्याची बातमी घरोघर सांगितली आहे.

"कुठंच न्हाई, साहेब," मी म्हणालो. तुमच्यावर कुणी हसू नये म्हणून तसं बोललो, असं दोन दिवस स्वतःला समजावतो आहे. हे पत्र कुठं टाकणार, म्हणून खरं लिहितो. तेव्हा मला तुमचा राग आला होता, चाचा. अजून गेलेला नाही. रागवायला दुसरं कुणी माझ्याकडे नाही.