खुनासाठी सोयीचे नाव

२ ऑगस्ट. सकाळ.
आजपासून राग बंद. कारणे: ब्लडप्रेशर, वय, आणि कालचे ताट. ताट भिंतीला लागले हे खरे. पण मी ते भिंतीकडे फेकले, मंगलाकडे नाही. मंगला दोन हात बाजूला होती. रागावलेला माणूस इतका विचार करत नाही. म्हणजे तो राग नव्हताच.
मुळात दोष सातच्या मालिकेचा. सात वाजले की या घरात जेवण मिळत नाही, पाणी मिळत नाही, बायको मिळत नाही. शेजारची सरोजा येते. दोघी कोचावर बसतात. टीव्हीवर इन्स्पेक्टर देवकी आणि पोस्टमॉर्टेम करणारी डॉक्टर रोझलिन रोज एक प्रेत उलगडतात. शेवटी शवागाराबाहेर उभ्या राहून एका ग्लासातला चहा अर्धा अर्धा पितात. खुन्यापेक्षा चहाला वेळ जास्त.
काल मी फक्त विचारले, रसम कुठे आहे. मंगला मान न वळवता म्हणाली, थांबा हो, आतडी बाहेर काढताहेत.

४ ऑगस्ट.
ही मालिका करणाऱ्या कंपनीत माझी भाची कीर्तना आहे, चेन्नईला. स्टोरी डिपार्टमेंट. फोनवर म्हणाली, मामा, आमच्याकडचे खून संपलेत, नवीन कोणाला सुचतच नाही. मी म्हटले, मी देतो. ती हसली. आनंदाने हसली असावी.
निर्णय. एक एपिसोड लिहायचा. मंगलाला सांगायचे नाही. एके दिवशी सात वाजता ती कोचावर बसेल आणि पडद्यावर नाव येईल, रघुपती राव. मग मान वळेल.
जन्मभर खताच्या कंपनीचा डेपो सांभाळला. विष मला नवे नाही.

५ ऑगस्ट.
कीर्तनाला देवनागरी वाचता येत नाही. मला तामिळमध्ये खून सुचत नाही. म्हणून व्हॉइस मेसेज, मराठीत. मंगला पाच वाजता देवळात जाते, ती वेळ बरी. फोनला रेंज फक्त ओसरीत, आणि तिथे सरोजा जाईची फुले गुंफत मंगलाची वाट बघत बसलेली असते. हरकत नाही. तामिळ मुलखात राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांची ही पूर्वापार सोय. दुकानात भाव ठरवायचा असो, पाहुण्यासमोर पाहुण्याबद्दल बोलायचे असो, मराठी बोलावे. खोलीला आतून कडी घातल्यासारखे. सरोजा तामिळ. लग्न होऊन शेजारी आली त्याला पंचवीस वर्षे झाली, पण मराठीचा गंध नाही. तिच्यासमोर बोलणे म्हणजे खांबासमोर बोलणे.
सांगितले ते असे. नवरा निवृत्त, सभ्य, सहनशील. बायको टीव्ही बघते. नवरा तिच्या कॉफीत कीटकनाशक घालतो. ती फरशीवर पडते, तोंडाला फेस, नखे निळी. बायकोला सोयीसाठी मंगला म्हटले आहे, नंतर बदलू.
बोलत असताना सरोजाच्या हातून फुले खाली पडली. पकड सैल झाली आहे हल्ली तिची. वय.

६ ऑगस्ट.
संशोधन म्हणून मंगलासाठी स्वतः कॉफी केली. टंबलरमध्ये रंग कितपत लपतो, हे बघायचे होते. सरोजा सकाळीच हजर. कोपर लागून टंबलर सांडला. माफी नाही. उलट तामिळमध्ये म्हणाली, अय्यो राव सार, तुम्ही कॉफी केली? लग्नानंतर पहिल्यांदा? मग आजच का? मंगला म्हणाली, जाऊ दे ग, त्यांनाही आठवत नसेल गॅस कुठे पेटतो ते.
दोघी हसल्या. सरोजा कमी हसली.
कीर्तनाचे उत्तर आले. विष नको मामा. या सीझनला विषे फार झाली. रक्त दाखवा.

९ ऑगस्ट.
रक्त मला जमणार नाही असे वाटले होते. पाच मिनिटांत जमले.
कोयता. मानेवर, तिरपा, मागून. ती अंगणात तुळशीला पाणी घालत असताना. प्रेताचे तुकडे खताच्या पोत्यांत, पोती कालव्यात. कोणते पोते भिजून फाटते आणि कोणते फाटत नाही, हे या जिल्ह्यात माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही.
प्रयोग आवश्यक होता. दृष्ट लागू नये म्हणून मंगलाने दारावर कोहळा टांगला होता, राक्षसाचे तोंड रंगवलेला, मोठ्या मिशांचा. तो काढला. परसात दगडावर ठेवला. नारळ सोलायचा कोयता घेतला. पहिला घाव मिशीत अडकला. दुसऱ्याने तोंड उडाले. पुढच्यांची गरज नव्हती, पण हात थांबेना. शेवटी बिया भिंतीवर, बनियनवर, माझ्या तोंडात. नंतर फार शांत वाटले. ब्लडप्रेशर मोजले. उत्तम.
कुंपणापलीकडे सरोजा कपडे वाळत घालत होती. मी कीर्तनासाठी फोनमध्ये रेकॉर्ड करत होतो की मंगलाची मान इतकी टणक नसणार. सरोजा ओल्या साडीसकट आत पळाली. पावसाचे लक्षण नव्हते.
संध्याकाळी मंगलाने विचारले, दारावरचा राक्षस कुठे गेला? म्हटले, चोरीला. म्हणाली, मग आता घरात एकच उरला. काय एकच, ते बोलली नाही.

१२ ऑगस्ट.
कीर्तनाचा फोन. मामा, खून मस्त आहे, अंगावर काटा आला. पण बायका कुठे आहेत? देवकी आणि रोझलिन तुमच्या गोष्टीत एकमेकींशी एक वाक्य बोलत नाहीत. लोक त्या दोघींसाठी बघतात हो. प्रेत काय, कोणाचेही चालते.
मी फोन भिंतीवर आपटला नाही. रिमोट आपटला. त्याची बॅटरी तशीही संपत आली होती.
निर्णय. स्त्रियांच्या मैत्रीचा अभ्यास करायचा.

१३ ऑगस्ट.
सात वाजता पडद्यामागे उभा राहिलो. रिमोट नसल्यामुळे दोघी टीव्हीच्या मागे बटण शोधत होत्या. एक चाचपडत होती, दुसरी टॉर्च धरून होती. रिमोट कुठे गेला, हे एकीनेही दुसरीला विचारले नाही. मंगलाने चकलीसारखा मुरुक्कू मोडला आणि मोठा तुकडा सरोजाला दिला. मला कधी दिलेला नाही. मग जाहिरात लागली.
सरोजा हळूच म्हणाली, अक्का, आज माझ्याकडे झोपायला ये. मंगला म्हणाली, वेडी का तू, झुरळ मारायलासुद्धा ते मला हाक मारतात. सरोजा म्हणाली, आणि कोहळा? मंगलाने हातातला तुकडा डब्यात परत ठेवला.
कोहळ्याचा विषय का निघाला, कळले नाही. डाळ घालून कूट्टू करायचा असेल.
निष्कर्ष. स्त्रियांची मैत्री म्हणजे तिसऱ्या माणसाबद्दल बोलणे. तिसरा कोण, ते ऐकू आले नाही.

१४ ऑगस्ट.
नवा खून सुचला. गळा आवळून. हत्यार घरगुती, खांद्यावरचे अंगवस्त्र. रक्त नाही, आवाज नाही, शेजारणीला पत्ता नाही. कीर्तनाला सांगितले. ती म्हणाली, डिटेल हवे मामा, पाठ्यपुस्तकासारखे वाटते. मरताना माणूस नक्की काय करतो?
प्रश्न रास्त आहे.

१७ ऑगस्ट. हॉस्पिटल.
परवाची नोंद आज करतो आहे. डावा डोळा बंद. डोक्याला टाके.
संध्याकाळची वेळ. मंगला कोचावर एकटी, मांडीवर सूप घेऊन शेवग्याचा पाला निवडत होती. सरोजा अजून आलेली नव्हती. मी मागून गेलो. आधी सांगितले नाही, सांगितले की नैसर्गिकपणा जातो. अंगवस्त्र गळ्याभोवती टाकले आणि दोन्ही टोके मुठीत पिरगाळली. फोन वरच्या खिशात, रेकॉर्डिंग चालू. मी सावकाश सांगत होतो. आता मंगला पाय झाडते. तिने झाडले. पाल्याचे सूप उडाले. आता हात मागे येतो. आला, मनगटात नखे रुतली. आता आवाज बंद होतो. बंद झाला. सगळे मी सांगत होतो तसेच होत होते. असे माझ्या घरात प्रथमच घडत होते.
मी सोडणारच होतो. त्या क्षणी की नंतर, हे आता सांगता येत नाही.
दारात सरोजा. हातात आमचाच बिडाचा डोशाचा तवा, परत करायला आणलेला. म्हणाली, सोड तिला, मेल्या.
मी सोडले. भीतीने नाही. ती मराठीत बोलली म्हणून.
मग तवा.

१९ ऑगस्ट.
महिला पोलीस ठाणे. हॉस्पिटलमधून सरळ तिथेच. एका अर्थाने संधी. खऱ्या तपास अधिकारी जवळून बघायला मिळाल्या. इन्स्पेक्टर भुवनेश्वरी, हेड कॉन्स्टेबल शेषम्मा. दोघी एकाच डब्यातून लिंबूभात खात होत्या. मी आत गेलो तेव्हा भुवनेश्वरीने शेवटचा घास शेषम्माकडे सरकवला आणि हात धुतले. चहा मात्र वेगवेगळ्या ग्लासांतून. म्हणजे मालिका चूक आहे. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले नाही.
माझे व्हॉइस मेसेज लावले. सरोजा एकेका वाक्याचे तामिळ करून सांगत होती. बरोबर सांगत होती. एका ठिकाणी मी दुरुस्ती सुचवली, पिरगाळणे आवळण्यापेक्षा वेगळे. शेषम्माने तेही लिहून घेतले.
भुवनेश्वरीने विचारले, मंगला हे नाव सोयीसाठी म्हणजे कोणाच्या सोयीसाठी? म्हटले, लेखकाच्या. शेषम्मा पुटपुटली, डोक्याला मार लागल्यामुळे असा बोलतो, की आधीपासूनच असा? मंगला म्हणाली, आधीपासूनच.
तिचा आवाज घोगरा झाला आहे. गळ्यावर पदर घट्ट गुंडाळला होता. एकदा सरकला, तेव्हा खालचे दिसले. जांभळे आहे. मी लिहिले होते लाल.
मी मंगलाला एवढेच विचारले की सरोजा मराठी कुठे शिकली. मंगला माझ्याकडे न बघता भुवनेश्वरीला म्हणाली, मी शिकवली. पहिल्या वर्षापासून, ओसरीत बसून. हे ओरडायला लागले की काय ओरडताहेत ते भिंतीपलीकडे तिला कळावे म्हणून.
हे अतिरंजित आहे. मी ओरडत नाही. आमच्या भिंती पातळ आहेत.

२१ ऑगस्ट.
गुन्हा नोंदला गेला. जामीनही मिळाला. वकील मुरलीकृष्ण म्हणतो, काका, तोंड उघडू नका, आणि देवाशपथ, फोनवर काही बोलू नका. अट अशी की मंगलाशी बोलायचे नाही आणि सरोजाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचे नाही. मंगला सध्या तिथेच राहते. हवापालट.
तिचे कपडे न्यायला सरोजा आली, बरोबर शेषम्मा. मी मराठीत म्हणालो, चार दिवसांत येईल परत. खांबाने उत्तर दिले. म्हणाला, राव सार, अक्काची कॉफी आता मी करते.

२ सप्टेंबर.
स्वयंपाक अवघड नाही. रसम मात्र रोज वेगळे होते. आज एक पातेले आपटले. एकट्या माणसाने पातेले आपटले तर तो राग धरता येत नाही, कारण समोर कोणी नसते.
सातला भिंतीपलीकडून मालिकेचा आवाज येतो. मी कोचावर बसतो. इथला टीव्ही लागत नाही, बटण सापडत नाही. पलीकडे कोणाचा तरी खून होतो आणि मग दोघी हसतात. मंगलाचे हसणे अजून घोगरेच आहे. भिंती खरोखरच पातळ.
एपिसोड पुरा केला. शेवट बदलला. नवरा निर्दोष ठरतो, बायको मान वळवून त्याच्याकडे बघते. मेसेज कीर्तनाला पाठवला. तिने अजून ऐकलेला नाही.

२८ सप्टेंबर.
कीर्तनाचा फोन. आनंदाची बातमी, एपिसोड मंजूर. शूटिंग पुढच्या महिन्यात.
मी म्हटले, मला खात्री होतीच. ती म्हणाली, तुमचा नाही. हल्ली ती मामा म्हणत नाही. म्हणाली, मामीने कळवायला सांगितले म्हणून फोन केला, नाहीतर केला नसता. गोष्ट मंगला आणि सरोजा यांची. दोघींनी मिळून फोनवर सांगितली, एकीने सुरुवात करायची, दुसरीने वाक्य पुरे करायचे. ऑफिसात सगळे काम थांबवून ऐकत होते. कथा म्हणून दोघींची नावे येणार.
खून कसा, हे विचारले. व्यावसायिक कुतूहल. कीर्तना म्हणाली, डोशाचा तवा. नवरा जाहिरातीच्या आधीच मरतो. त्याचा चेहरा दाखवत नाहीत, शवागारात नुसते पाय. देवकी आणि रोझलिन खुनी शोधून काढतात, शेजारीण असते. मग दोघी तवा घासून, पुसून तिला परत देतात आणि बाहेर जाऊन चहा पितात.
म्हटले, कायद्याच्या दृष्टीने हे चूक आहे. म्हणाली, हो. सगळ्यांना फार आवडले.
मेलेल्या माणसाचे नाव काय ठेवले, हे विचारले.
आधी तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, रघुपती राव. अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले असेल, क्लोजअप आहे. मामी म्हणाली, सोयीसाठी ठेवा, नंतर बदलू.
बदलू नका, असे मी कळवले आहे.