हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?

४ नोव्हेंबर, सकाळ
ही अजून तिच्या ताईंकडेच आहे. विश्रांतीसाठी. जाताना म्हणाली, मी कोण आहे हे तुला माहीतच नाही. काहीतरीच! अख्ख्या कंपनीत कोण खरा, कोण तोतया हे ठरवणारा माणूस मी. माझ्या सिस्टीमला पटल्याशिवाय साहेबांचाही कॉम्प्युटर उघडत नाही.
संकल्प : आपण फोन करायचा नाही. तिचा येईल.

६ नोव्हेंबर
कंपनीच्या अंकात माझा लेख येतोय, ओळख कशी पटवावी यावर. सोबत सहकुटुंब फोटो हवा. ही घरात नाही हे ऑफिसात सांगितलेलं नाही. उगाच चर्चा नको. माझ्या फोनमध्ये हिचा एकही फोटो नाही. सर्व्हर रूमच्या वायरींचे ढीगभर आहेत, पण ते कामाचे.
फोटो सगळे हिच्या अकाउंटमध्ये. अकाउंट आमच्याच सिस्टीमवर, कंपनी घरच्यांनाही देते. पासवर्ड माहीत नाही, पण अडत नाही. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की तीन प्रश्न येतात. प्रश्न मीच तयार केलेत. उत्तरं हिची. इतक्या वर्षांचा संसार, डाव्या हाताचा मळ!

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
आवडता रंग? निळा. चूक.
अशक्य. दर वाढदिवसाला मी निळंच आणतो आणि ती छान आहे म्हणते. कपाट उघडलं. निळं सगळं जागच्या जागी, घडीसुद्धा मोडलेली नाही. रिकाम्या हँगरांवर काय होतं ते काही केल्या आठवेना.

८ नोव्हेंबर
जिवलग मैत्रीण? शेजारीण लिहिली. चूक. लहानपणी काय व्हायचं होतं? हा विषय आमच्यात कधी निघालाच नाही. गृहिणी लिहिलं. चूक.
तीन चुका झाल्या की कुलूप. नियम माझाच. नियम चांगला आहे.
घर खायला उठतं.

९ नोव्हेंबर
फोन केला. ताईंनी उचलला. कोण बोलतंय, म्हणाल्या. मुद्दाम! नाव सांगितलं तर म्हणाल्या, ती बाहेर गेलीय. ही बोलली नाही, म्हणजे फोन केला असं धरता येणार नाही. संकल्प शाबूत.

१० नोव्हेंबर
ऑफिसात नोंदी पाहिल्या. कुलूप पडलं की अकाउंटच्या मालकाला मेल जातो : अमक्याने तुमचं अकाउंट उघडायचा प्रयत्न केला. अमक्याच्या जागी माझं पूर्ण नाव. खाली प्रश्न : हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का? ही कल्पना माझीच. साहेबांनी पाठ थोपटली होती.
मेल हिने काल सकाळी उघडला. उत्तर संध्याकाळी दिलं. 'नाही.'
बग असणार. दोनदा तपासलं. बग नाही, सिस्टीम चोख चालतेय. सर्व्हर रूममध्ये जाऊन बसलो. तिथे पंख्यांचा इतका आवाज असतो की माणूस रडला तरी कळत नाही.

११ नोव्हेंबर, दुपार, बाकावर
पुढचा नियम : अशा माणसाने मालकासमोर स्वतः हजर राहून ओळख पटवावी. नियम म्हणजे नियम. रजा टाकली. फोटो गेला खड्ड्यात. ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून फुलांच्या दुकानात शिरलो, बायकोसाठी हवीत म्हटलं. दुकानवाल्या बाईंनी विचारलं, त्यांना कोणती आवडतात?
मागे माणसं खोळंबली होती. म्हटलं, आधी त्यांचं बघा, आणि बाहेर येऊन बसलो.