खालचा कप्पा गार होत नाही

९ नोव्हेंबर

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक. गुडघा आपल्या मर्जीने वागतो, मी त्याच्या. तुझी नवी जागा हवेशीर असेल आणि प्रयोगशाळेतल्या पाळ्या पूर्वीपेक्षा बऱ्या असतील, असं धरून चालते. पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. बिघडला तो फ्रिज, आणि तो तुझ्या पगारातून आलेला, म्हणून तुला कळवायला हवं.

तक्रार अशी, की वरच्या खणात बर्फाचे दगड आणि खालचा कप्पा मात्र गारच होत नाही. दूध दोनदा नासलं. पालेभाजी सकाळची संध्याकाळी माना टाकते. मग मीच डोकं चालवलं. प्लग नीट होता. थंडावा कमीजास्त करायची चकती फिरवून पाहिली. फ्रिज भिंतीला चिकटला होता, तो शेजारणीच्या मदतीने वीतभर पुढे ओढला आणि मागची धूळ झाडली. एवढी निघाली, की माझ्या टापटिपीचं कौतुक ऐकून तू गालातल्या गालात का हसायचीस ते कळलं. दाराच्या रबरात कागद धरून ओढला, तो सहजी सुटला नाही, म्हणजे रबरही शाबूत. एवढं करून पहिले पाढे पंचावन्न.

मागे एका रविवारी तुझा नवरा, म्हणजे माझा मुलगा (तुमचे कागद झाल्यापासून यातलं दुसरंच खरं), आला होता. म्हणाला, "आई, जुनं धूड झालंय ते. भंगारात दे, मी नवा घेतो." त्याला प्रत्येक दुखण्यावर हाच उपाय सुचतो. मी म्हटलं, आधी मेकॅनिकला तर दाखवू.

त्याच दुपारी मेकॅनिक आला. त्याने वरचा खण उघडला, आत बॅटरी मारली आणि हसला. "काकू, मशीन ठणठणीत आहे. तुम्ही वर इतके डबे कोंबलेत की गार हवेला खाली उतरायला वाटच नाही. एवढं कुणासाठी ठेवलंय?"

"माझ्यासाठीच," मी म्हटलं.

मुलगा मागेच उभा होता. डबे एका माणसाच्या जेवणापुरते, झाकणावर पट्टी, पट्टीवर वार. ते कुणाचे, हे त्याला सांगायची गरज नव्हती. तू उशिराच्या पाळीहून यायचीस म्हणून तुझा वाटा काढून वर ठेवायची मला सवय. तू गेलीस, पण हाताला ते कळलं नाही. दोघींपुरतं रांधायचं, तुझं डब्यात भरायचं, डबा वर सारायचा. सोमवारी वाटायचं हा खुळेपणा आहे, आणि मंगळवारी पुन्हा तेच.

मेकॅनिक गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, ती येणार नाहीये."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. तो डबे टाकायला पिशवी घेऊन आला, तेव्हा मी त्याचा हात धरला. मग त्याने पिशवीची घडी घालून ती जागेवर ठेवली. तसा तो वाईट नाही, हे तुलाही माहीत आहे.

तेव्हापासून स्वयंपाक बंद ठेवून मी तुझ्या वाटचंच जेवते आहे. काही डब्यांना बर्फाचा वास लागलाय, मटारची भाजी मात्र चांगली निघाली. हवा खाली उतरू लागली. दूध टिकतं. फ्रिजची काळजी नको.

मला तुझी आठवण येते. मुलाची बायको म्हणून नाही, ते प्रकरण तुम्ही दोघांनी मिटवलंत आणि मी त्यात तोंड घालणार नाही. पण काडीमोड तुमचा झाला, मला कुणी विचारलंच नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस गप्प बसले. काल फोनवर त्याला सांगितलं, मी तिला पत्र लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही."

आज दुपारी शेवटचा डबा संपला. उद्यापासून पुन्हा चूल पेटवायची आणि तांदूळ किती घ्यायचे ते मला समजत नाही. येत्या शनिवारी मी दोघींपुरते घेणार आहे. त्यानंतर किती, ते तू ठरव.

कागदावर नसलेली,
तुझी आई