बहावा फुलेपर्यंत

मी, खाली सही करणारी, गल्लीत इस्त्रीवाल्या मावशी म्हणून ओळखली जाणारी बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण आणायला घरात आहेच कोण! दमले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

१. राहते घर, पुढच्या खोलीतले दुकान, मागचे अंगण आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. छप्पर गळते, तेही त्याचेच.

२. मोठी इस्त्री आणि टेबल ज्याला हा धंदा करायचा असेल त्याने न्यावे. मुलाने त्यात पडू नये. त्याला साधी कॉलर सरळ करता येत नाही.

३. अंगणातला बहावा. झाड वेगळे लिहून देता येत नाही, ते जमिनीबरोबरच जाते, असे वकील म्हणाले. म्हणून अट घालते.

मुलगा दरवर्षी सुट्टीला येतो तेव्हा पानगळ झालेली असते. नुसत्या काटक्या आणि काळ्या शेंगा. "आई, हे मेलंय गं. तोडून टाकू, गाडी लावायला जागा होईल," हे त्याचे पालुपद. त्याची पाठ वळली की झाड पिवळेधमक होते. फोटो पाठवला तर अंगठा पाठवतो. पहिला बहर आला तोच मुळी तो नोकरीला गेल्यावर. त्याने या झाडाचे फूल एकदाही पाहिलेले नाही.

पोट साफ होण्यासाठी शेंगांचा मगज न्यायला अर्धी गल्ली येते. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणतात, "मावशी, तुमच्या झाडापायी माझा दवाखाना बसला." स्वतःच्या आईसाठी मात्र पिशवीत लपवून शेंग नेली. कोणाला नाही म्हणू नये, पण बेताने घ्यायला सांगावे. एकाने हावरटपणा केला, तो दिवसभर घराबाहेर पडू शकला नाही.

४. भिंतीपलीकडच्या माझ्या जाऊबाई. आमचा अबोला त्या भिंतीइतका जुना. झाडाची पाने त्यांच्याकडे पडतात आणि त्या ती झाडून माझ्या अंगणात परत टाकतात. पण गेल्या वर्षी मी इस्पितळात असताना मुलाने झाड तोडणारा माणूस आणला, तेव्हा याच बाई झाडू घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. "केर मी काढते. मला जड नाही, मग तुला रे कसला त्रास?" डॉक्टरांकडून मला हे कळले. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत. आभार मानायला मी दोनदा भिंतीपर्यंत गेले आणि परत आले.

म्हणून अट अशी. माझ्यामागे मुलाने एक बहर इथे राहून पाहावा. पाहिला, असे जाऊबाईंनी सांगितले की घर त्याचे. तोपर्यंत किल्ल्या त्यांच्याकडे राहतील.

बाळा, नंतर तोडावेसे वाटले तर तोड. अडवायला मी नसेन, आणि अडवून अडवून थकलेही आहे. मागच्या खेपेला माझ्या पलंगाशी उभा राहून तू माझ्याकडे पाहिलेस, ते अगदी त्या झाडाकडे पाहतोस तसे. फार वाईट वाटले. माझे राहू दे. झाडाला मात्र मेलेले समजून तोडू नकोस.

ठिकाण: राहते घर
दिनांक: ३ मार्च
सही: इस्त्रीवाल्या मावशी

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे डॉक्टर
२. भिंतीपलीकडच्या जाऊबाई. घरी येऊन, सगळे वाचून सही केली.