मेंढरं नेसरीकडं, मी गोठ्यात

१९ जानेवारी, मुरगूड

घोटा मोडला. मेंढरू वाचवताना मोडला असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं काही नाही. पाटाच्या ओल्या दगडावरून घसरलो. प्लास्टर गुडघ्याखालून बोटांपर्यंत. मार्च उजाडेपर्यंत पाय टेकायचा नाही म्हणाले डॉक्टर.

कळप बायकोच्या हवाली. झुंबरला एकटीला पाठवलं नसतं — माझा चुलतभाऊ आकाराम आणि त्याची मेंढरं सोबत आहेत म्हणून पाठवलं. ती गडहिंग्लजच्या बाजूला निघाली. मला इथं मेव्हण्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीत आणून टाकलंय.

कृष्णात झुंबरचा धाकटा भाऊ. धनगराच्या पोटी जन्मून यानं मेंढरं विकली आणि म्हशी घेतल्या. तेव्हापासून याच्या घरचं पाणी मी उभ्या उभ्याच प्यायलो. आता पडून पितोय.

२२ जानेवारी

दिवसभर खाटेवरून गोठा बघतो. दुसरं काम काय?

इथं जनावर जागेवर उभं आणि माणूस पळतो. वैरण कापा, कुट्टी करा, पेंड भिजवा, पाणी दाखवा, शेण काढा — तोवर परत वैरणीची वेळ. आमच्यात चारा असेल तिथं जनावर जातं, माणूस त्याच्यासोबत. शेण काढायचा प्रश्नच नाही. लेंडी पडते ती शेतात, आणि त्यासाठीच तर शेतकरी बोलावून रानात मेंढरं बसवून घेतो, वर धान्य देतो. आमचं जनावर झोपेतही मिळवतं.

हे कृष्णातला नीट समजावून सांगितलं.

"दाजी, माझी म्हैस हागती त्ये बी मी इकतोच की," म्हणाला.

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

२३ जानेवारी

पायात खाज. प्लास्टरच्या आत हात जात नाही.

२७ जानेवारी

झुंबरला रोज सकाळी फोन करतो. दव सुकल्याशिवाय मेंढरं सोडू नको. — "व्हय." ज्वारी कापलेल्या रानात कोवळे फुटवे असतील तर लांबून ने, खाल्ले तर विष चढून तिथंच पडतील. — "व्हय." म्होरं आकारामला चालू दे. — यावर काही बोलली नाही. रात्री कळपाभोवतीची जाळी ताणून बांध, मागच्या वेळी सैल होती.

"आवं, तुमी तुमचा पाय बघा की."

फोन ठेवला तिनं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुस्तकं मिळवून आणि बघून शिकलो. लस मी स्वतः टोचतो. अडलेली मेंढी मी सोडवतो. आमच्या वाडीत दुसरं कोणी हे करत नाही. मग सांगायचं नाही तर काय करायचं?

३ फेब्रुवारी

कृष्णातची बायको रोहिणी कुट्टी फार लांब कापते. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "भाऊजी, खाटंवरनं मापं काढताय, उद्या खाटंवरनंच धार काढशीला!" आणि हसत आत गेली.

पण एक बघितलं. कडेची मुऱ्हा म्हैस कृष्णातला पान्हा देत नाही. रोहिणी नुसती येऊन उभी राहिली, पाठीवर हात ठेवला की सड भरतात. तिच्या शेजारचीला आधी पेंड दिसावी लागते. तिसरीला कोणी बोललेलं चालत नाही. रोहिणीला प्रत्येकीचं तोंड वाचता येतं. मी कळप एक म्हणून बघतो. चालता चालता त्यातलं एक वेगळं वागलं की तेवढं डोळ्यात भरतं. बाकीची मग कळपच. दाव्याला बांधलेलं जनावर ओळखायला काय लागतं, असं मी म्हणत आलो. चुकलो असं लिहीत नाही. दोन्हीला वेगळे डोळे लागतात, एवढंच.

९ फेब्रुवारी

आज एक काम खाटेवरून उरकलं. नेसरीचे हंबीरराव जुने ओळखीचे. त्यांना फोन केला. ऊस तुटलाय, रान मोकळं आहे, मेंढरं बसवा म्हणाले. शब्द दिला. झुंबरला कळवलं — परवा हंबीररावांच्या रानात उतरायचं.

आजारी माणूस पण कामाचा असतो.

१२ फेब्रुवारी

हंबीररावांचा फोन. "पावणं, शब्द मोडायची रीत कवापास्नं सुरू केलीसा?" झुंबरनं त्यांच्या बांधावरूनच कळप माघारी वळवला. असा राग मला फार दिवसांत आला नव्हता. लगेच तिला फोन लावला.

ती म्हणाली, बांधावरचं गवत पिवळं पडून कडेनं वळल्यालं दिसलं. विचारलं तर हंबीरराव म्हणाले, तणनाशक मारलंय, पण लांब मारलंय. "लांब म्हंजे किती, त्ये मेंढराला कळतंय व्हय?" आकाराम म्हणत होता उतरू या, दादानं शब्द दिलाय. तिनं ऐकलं नाही. पुढच्या वस्तीवर दुसरं रान बघितलं.

"तुमचा शब्द मोडला म्या. मेंढरं न्हाय मोडली."

मी फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी

सकाळी कृष्णातनं फोनवर पेंड मागवली. दुपारी टेम्पो आला, पोती उतरली. एक पोतं उघडून त्यानं हुंगलं, मग पैसे दिले. गोठ्यात ते जमतं. चारा दारात येतो, तिथं तपासता येतो.

मी फोनवर रान मागवलं. रान दारात येत नाही. आपण जाऊन बघायचं असतं — उकिडवं बसून, गवत हातात घेऊन. हे मीच आजवर चारचौघांना ऐकवत आलोय.

आज झुंबरला फोन केला नाही.

१६ फेब्रुवारी

आजही केला नाही. रोहिणी म्हणते, वन्संचा फोन तिला येतो, मेंढरं बरी आहेत.

२४ फेब्रुवारी

कृष्णातनं पिकअपमधून नेसरीकडं नेलं. "तुमचं तोंड बघवंना झालंय दाजी, चला," म्हणाला.

लांबून कळप दिसला. म्होरं झुंबर. खांद्यावर काठी, पदर डोक्याला गुंडाळलेला, ती तोंडानं बारीक हाक घालत होती आणि मेंढरं तिच्या मागून सरळ येत होती. आकाराम मागं, लंगडी कोकरं घेऊन. माझ्याजवळ येऊन सांगायला लागला, "दादा, वयनी म्हंतील तसं चाललंय." वळणावर तो तिला विचारत होता, "वयनी, वढ्याकडनं घ्यायची का वरनं?"

मला हाक द्यावीशी वाटली. दिली नाही. मेंढरं माझ्याकडं आली असती तरी बरं वाटलं नसतं, नसती आली तरी.

एकूणएक मेंढरू बघून घेतलं. पाठीवर हात फिरवून. मांस भरलंय. खुरं साफ. काढायला काही खोट नाही — काढायची होती.

जेवताना एका शेतकऱ्याचा फोन आला, तिच्या फोनवर. ती म्हणाली, "आधी रान बघून जाते, मग सांगते." मग माझ्यासमोर भाकरी ठेवली आणि तिचं तीच बोलायला लागली. लगीन झाल्यापास्नं कळपाच्या मागनंच चालली म्हणाली. मागं पडल्यालं उचलायचं, थकल्यालं वडायचं.

"म्होरनं चालल्यावर धूळ नसती. मला म्हाईतच न्हवतं."

मलाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी मागून चाललोच नाही.

निघताना विचारलं तिनं, "पिलास्टर कवा निघतंय?" पुढच्या आठवड्यात म्हटलं. "बरं," म्हणाली आणि काठी उचलून आकारामच्या हातात दिली. मग परत घेतली.

४ मार्च

प्लास्टर काढलं. हाड चांगलं बसलंय. आठवडाभर काठी घ्या, मग खुशाल मेंढरं राखा म्हणाले डॉक्टर.

दवाखान्याच्या पायरीवर बसून झुंबरला फोन लावला. पावसाळ्यापर्यंत चालायचं नाही म्हणतात, असं सांगितलं.

ती म्हणाली, "मग म्होरलं रान म्याच बघू?"

बघ म्हटलं.